कूलिंग टॉवर स्वच्छ आणि निर्धोक कसा ठेवायचा: बडोद्याच्या कारखान्यांत नव्यानं लागलेल्यांसाठी

तरसालीच्या आयटीआयमधून किंवा डिप्लोमा करून मकरपुरा, नंदेसरी, मंजुसर, पोर या पट्ट्यातल्या एखाद्या कारखान्यात लागलात, तर बरेचदा पहिलं काम युटिलिटीचं मिळतं. बॉयलर, कॉम्प्रेसर, चिलर आणि शेडच्या मागच्या बाजूला उभा असलेला कूलिंग टॉवर. बॉयलरला सगळे वचकून असतात, त्याचं रजिस्टर नीट भरलं जातं. टॉवरमध्ये पाणी पडतंय आणि पंखा फिरतोय एवढं दिसलं की कोणी त्याच्याकडे वळून बघत नाही. या टॉवरकडे लक्ष देणारा माणूस शिफ्टमध्ये एक तरी असावा, आणि तो तुम्ही व्हावं, म्हणून हे लिहितो आहे.

टॉवर कधी घातक होतो, हे आधी मनात पक्कं करा. रोज चालणारा आणि रोज मोजला जाणारा टॉवर सहसा त्रास देत नाही. खरा धोका दोन वेळी असतो: काही दिवस बंद राहिलेला टॉवर पुन्हा सुरू करताना आणि घाण साचलेला टॉवर घाईघाईनं धुताना. खालचं बहुतेक सगळं या दोन वेळा सांभाळण्यासाठीच आहे.

आत काय वाढतं

चिलर किंवा मशीनमधून तापून आलेलं पाणी टॉवरच्या माथ्यावरून खाली पडतं, वर पंखा हवा ओढतो, थोड्या पाण्याची वाफ होते आणि उरलेलं पाणी गार होऊन खालच्या सम्पमध्ये, म्हणजे तळाच्या टाकीत, जमा होतं. आपल्याकडे परत येणारं पाणी ३६ ते ४० अंशांचं आणि सम्पमधलं ३० ते ३३ अंशांचं असतं. त्यात हवेबरोबर आलेली धूळ, कबुतरांची विष्ठा, कडुलिंबाचा पाला आणि ऊन. जंतूंना आणखी काय हवं?

त्यातला सगळ्यात वाईट जंतू लीजिओनेला. जुलै १९७६ मध्ये फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलात अमेरिकन लीजन या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. तिथून परतलेल्या लोकांना न्यूमोनिया होऊ लागला. १८२ जण आजारी पडले, २९ दगावले, आणि कारण कोणाला कळेना. जानेवारी १९७७ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेत जोसेफ मॅकडेड आणि चार्ल्स शेपर्ड यांनी हा जंतू शोधून काढला. जंतूला नाव त्या सैनिकांच्या संघटनेवरून पडलं.

हा जंतू २० ते ४५ अंशांत वाढतो आणि ३५ ते ३७ अंशांत तर झपाट्यानं. २० च्या खाली तो नुसता पडून राहतो, ६० च्या वर मरतो. म्हणजे बडोद्यातला टॉवर जवळजवळ वर्षभर त्याच्या सोयीच्या तापमानात असतो. पाणी पिऊन सहसा हा आजार होत नाही. जंतू असलेल्या पाण्याचे अतिसूक्ष्म तुषार श्वासातून फुप्फुसात गेले की होतो, आणि टॉवर तर तुषार उडवणारं यंत्रच आहे. एका माणसाकडून दुसऱ्याला तो सहसा लागत नाही.

लीजिओनेला मोकळ्या पाण्यात एकटा फारसा राहत नाही. भिंतींवर, फिलच्या (पाणी पसरावं म्हणून टॉवरच्या आत रचलेल्या खाचदार ठोकळ्यांच्या) खाचांत आणि पाइपच्या आत जो बुळबुळीत थर धरतो, त्यात तो दडतो आणि त्या थरातल्या अमीबाच्या पोटात शिरून वाढतो. बरेच दिवस न घासलेल्या माठाच्या आतून बोट फिरवलं की हाताला जे लागतं, तोच हा थर. पाणी वरून काचेसारखं दिसत असेल आणि भिंत बुळबुळीत असेल, तर पाण्यावर विश्वास ठेवू नका. ड्यूटीवर आलात की हातमोजा घालून सम्पच्या भिंतीवर पाण्याच्या रेषेखाली बोट फिरवा. खरखरीत लागलं तर क्षार, घसरलं तर हा थर. या तपासणीला खर्च शून्य, आणि ती मी कुठल्याही रिपोर्टच्या आधी करतो.

आपला टॉवर ओळखा

मकरपुऱ्यातल्या लहान कारखान्यांत बहुधा एफआरपीचा (फायबरचा) गोल, बाटलीच्या आकाराचा टॉवर दिसतो, ज्याच्या माथ्यावर फिरता स्प्रिंकलर असतो. मोठ्या प्लँटमध्ये चौकोनी सेल आणि नोझल असतात. दोन्हींत पाहायच्या जागा त्याच: पाणी पसरवणारा स्प्रिंकलर किंवा नोझल, त्याखालचं पीव्हीसीचं फिल, वरचे ड्रिफ्ट एलिमिनेटर, हवा आत येते तिथले लूव्हर, आणि खाली सम्प.

ड्रिफ्ट एलिमिनेटर म्हणजे पंख्याखाली बसवलेल्या नागमोडी पट्ट्या. वर जाणाऱ्या हवेतले थेंब त्यांच्यावर आपटतात आणि खाली परततात. चांगल्या एलिमिनेटरमधून फिरणाऱ्या पाण्याच्या ०.००५ टक्के किंवा त्याहून कमी पाणी बाहेर उडतं. पण एक पट्टी तुटली, एक तुकडा जागेवरून सरकला, की तिथून तुषारांची वाफ सरळ बाहेर. टॉवरच्या आसपास चालताना चेहऱ्यावर बारीक ओल जाणवत असेल, जवळच्या पत्र्यांवर पांढरे ठिपके पडत असतील, तर एलिमिनेटर गेलाय असं समजा. बाहेरच्या लोकांपर्यंत जंतू पोचू न देणारा हा शेवटचा अडसर आहे. त्यासाठी खरेदी विभागाच्या मागे लागावं लागलं तरी लागा.

एक चक्कर टॉवरभोवती मारा आणि काय काय जवळ आहे ते कागदावर उतरवा: ऑफिसच्या एसीची ताजी हवा ओढणारी जाळी, कँटीनची खिडकी, शेजारच्या शेडचं दार, भिंतीपलीकडचा रस्ता. मकरपुरा जीआयडीसीला (सरकारी औद्योगिक वसाहतीला) लागून मांजलपूरची वस्ती आहे, हेही त्या कागदावर हवं.

आणखी एक शोध घ्या, जो नवे लोक सोडून देतात. पाणी न हलणारे पाइप कुठे आहेत? स्टँडबाय पंप, बंद केलेली बायपास लाइन, काढून टाकलेल्या मशीनला जाणारा आणि शेवटी डमी लावलेला तुकडा. मुख्य पाण्याला कितीही औषध घाला, या तुकड्यांपर्यंत ते पोचत नाही, आणि व्हॉल्व्ह उघडला की तिथलं सगळं मुख्य पाण्यात येतं. स्टँडबाय पंप आठवड्यातून एकदा तरी आलटून पालटून चालवा. निकामी तुकडे कापून टाकायला सांगा.

पाण्याचं गणित

वाफ फक्त पाण्याची होते, क्षार मागे राहतात. म्हणून सम्पमधल्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, वाढत जातो आणि थोडं पाणी सतत सोडून द्यावं लागतं, त्याला ब्लोडाऊन म्हणतात. सम्पचा टीडीएस भागिले नव्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे सीओसी, पाणी किती पट दाट झालं त्याचा आकडा. नवं पाणी ५०० आणि सम्प २,००० असेल तर सीओसी ४.

वाफ किती होते याचा ढोबळ हिशेब असा: तासाला फिरणारं पाणी घनमीटरमध्ये घ्या, त्याला गरम आणि गार पाण्यातल्या अंशांच्या फरकानं गुणा, मग ०.००१५३ नं गुणा. तासाला ७० घनमीटर फिरत असेल आणि फरक ५ अंशांचा असेल, तर वाफ साधारण ५३५ लिटर. सीओसी ४ ठेवायचा असेल तर ५३५ भागिले ३, म्हणजे तासाला सुमारे १८० लिटर ब्लोडाऊन. एवढं गणित तोंडपाठ असलं की सप्लायरनं काहीही सांगितलं तरी तुम्हाला पडताळता येतं.

बडोदा शहराला आजवा तलावाचं आणि महीकाठच्या फाजलपूर, रायका, दोडका, पोइचा इथल्या फ्रेंच कूव्यांचं (नदीपात्रातल्या विहिरींचं) पाणी मिळतं. कारखान्यात मात्र कुठे जीआयडीसीचं, कुठे बोअरचं, कुठे टँकरचं आणि उन्हाळ्यात बरेचदा तिन्हींची सरमिसळ. त्यामुळे ‘आमच्याकडे पाणी असं असं आहे’ हे वाक्य मार्चपर्यंत खरं आणि मे महिन्यात खोटं असू शकतं. टँकर आला की नव्या पाण्याचा टीडीएस आणि कडकपणा पुन्हा मोजा. कडक पाण्याचा पापुद्रा (स्केल) फिलवर चढला की त्या खडबडीत पृष्ठभागावर बुळबुळीत थर घट्ट बसतो आणि औषध आत शिरत नाही. स्केल आणि जंतू हे दोन वेगळे विषय समजू नका.

क्लोरीन: किती आणि कसं मोजायचं

लहान-मध्यम कारखान्यांत औषध म्हणजे बहुतेक वेळा सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे हायपो. कॅनवर १० ते १२ टक्के लिहिलेलं असतं. ते भरल्या दिवशीचं. बडोद्याच्या मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन फार लवकर उतरतो. सावलीत ठेवा, जुना माल आधी वापरा, महिनाभरापेक्षा जास्त साठा करू नका. ब्लीचिंग पावडर स्वस्त पडते म्हणून कोणी सुचवेल, पण तिच्यातून चुना पाण्यात जातो आणि स्केल वाढतं. टॉवरला ती नको.

रोजच्या चालू टॉवरमध्ये फ्री, म्हणजे मोकळं, क्लोरीन ०.५ ते १ पीपीएम (दहा लाख भागांत एक भाग म्हणजे १ पीपीएम) ठेवायचं. मोजायला डीपीडी किट घ्या, ज्यात गुलाबी रंग येतो. पिवळा रंग दाखवणाऱ्या ओटीओ थेंबांनी बांधलेलं (पाण्यातल्या घाणीशी आधीच जोडलं गेलेलं) आणि मोकळं क्लोरीन वेगळं कळत नाही. पिवळा रंग भरपूर येतो आणि माणूस निर्धास्त होतो, पण जंतू मारणारं मोकळं क्लोरीन त्यात जवळजवळ नसूही शकतं.

दुसरं म्हणजे पीएच, पाणी किती आम्ल किंवा अल्कली आहे त्याचा आकडा. क्लोरीनचा जंतू मारणारा भाग पीएच ७.५ ला निम्मा असतो, ८.५ ला जेमतेम दहावा हिस्सा उरतो. सीओसी वाढवला की पाण्याचा पीएच आपोआप ८.५ च्या आसपास जातो. म्हणजे किटवर १ पीपीएम दिसतं आणि काम होतं त्याच्या दशांश. ज्यांचा पीएच कायम ८ च्या वर राहतो त्यांनी ब्रोमीनचा विचार करावा, ते चढ्या पीएचला बरंच टिकतं आणि १ ते २ पीपीएम ठेवतात. शिवाय दर पंधरवड्याला ग्लुटाराल्डिहाइड, आयसोथायाझोलिनोन किंवा डीबीएनपीए यांसारखं वेगळ्या जातीचं औषध आलटून पालटून द्यावं आणि त्याच्या आधी थर सुटा करणारं बायोडिस्पर्संट. हे देताना ब्लोडाऊन काही तास बंद ठेवा, नाहीतर महागाचं औषध थेट नाल्यात जातं. पुन्हा उघडायला विसरू नये म्हणून व्हॉल्व्हच्या चाकाला लाल फडकं बांधतात, ही पद्धत मला आवडते.

क्लोरीन जास्त झालं तर? पत्र्याचा सम्प, तांब्याच्या नळ्या आणि पंपाची सील खराब होतात. तेव्हा ‘थोडं जास्तच घालू या’ हा उपाय नव्हे. मोजून घाला.

हायपो आणि ॲसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. स्केल काढायला आणलेलं ॲसिड आणि हायपो एकाच मोजपात्रात, एकाच डोसिंग टाकीत किंवा एकाच फरशीवर सांडलेले असले तरी क्लोरीन वायू निघतो, आणि तो जीव घेतो. दोन्हींच्या जागा, माप आणि हातमोजे वेगळे ठेवा.

रोज आणि दर आठवड्याला

रोज: गरम आणि गार पाण्याचं तापमान, टीडीएस, पीएच, फ्री क्लोरीन, डोसिंग पंप खरंच ओढतोय का (टाकीतली पातळी उतरली का ते बघा, पंपाचा आवाज ऐकून ठरवू नका), फ्लोट व्हॉल्व्ह, बोटाची तपासणी. पंधरा-वीस मिनिटांचं काम.

आठवड्याला एकदा डिप स्लाइड. ही छोटी प्लास्टिकची पट्टी, दोन्ही बाजूंना जंतू वाढवायचा लेप. पाण्यात बुडवा, झटका, नळीत बंद करा, ३० अंशांना ४८ तास ठेवा आणि उगवलेल्या ठिपक्यांची दाटी सोबतच्या तक्त्याशी जुळवा. ब्रिटनच्या एचएसई या सरकारी संस्थेच्या मार्गदर्शनात आकडे असे आहेत: मिलिलिटरला १०,००० जंतूंच्या खाली असेल तर ठीक, १०,००० ते १ लाख असेल तर पुन्हा तपासा आणि डोसिंग कुठे चुकतंय ते शोधा, १ लाखाच्या वर असेल तर लगेच कारवाई. मला विचाराल तर आकड्यापेक्षा चढ महत्त्वाचा. सलग तीन आठवडे ठिपके दाट होत असतील तर मर्यादेची वाट बघू नका.

पण डिप स्लाइड एकूण जंतू दाखवते, लीजिओनेला दाखवत नाही. स्लाइड स्वच्छ आणि तरी लीजिओनेला आहे, असं होतं. त्याची तपासणी वेगळी, पुढे सांगतो.

हंगामाची दोन कामं आपल्या गावची म्हणून सांगतो. उत्तरायण (संक्रांत) आणि वासी उत्तरायण (तिचा दुसरा दिवस) झाली, की १६ जानेवारीला टॉवरभोवती फिरा. मांजा पंख्याच्या शाफ्टला गुंडाळलेला असतो, पतंगांचे कागद लूव्हरवर चिकटलेले असतात आणि भिजून लगदा झालेला कागद नोझलमध्ये अडकतो. नोझल अडकला की त्याखालचा फिलचा पट्टा कोरडा पडतो, तिथे क्षार धरतात, कडेची ओल मात्र तशीच राहते. काढलेला नोझल उजेडाकडे धरून आरपार बघितल्याशिवाय परत बसवू नका. आणि जूनमध्ये पहिल्या वावटळी-पावसानंतर सम्पच्या तळाशी चार बोटं माती आलेली असते. ती वेळीच काढा, कारण क्लोरीन त्या गाळातच संपून जातं.

धुण्याचा दिवस

वर्षातून निदान दोनदा टॉवर रिकामा करून धुवायला हवा. माझ्या मते बडोद्यासाठी एक वेळ दिवाळीची सुट्टी आणि दुसरी फेब्रुवारीचा शेवट, म्हणजे पतंगांचा कचराही निघतो आणि उन्हाळ्याचा भार येण्याआधी टॉवर तयार असतो.

कसं धुवायचं हे सांगण्याआधी एक खरी घटना. उत्तर फ्रान्समधल्या आर्न या गावी एक पेट्रोकेमिकल कारखाना होता. नोव्हेंबर २००३ ते जानेवारी २००४ या काळात तिथल्या कूलिंग टॉवरमुळे ८६ जणांना लीजिओनेलाचा न्यूमोनिया झाला आणि १८ जण मेले. प्रादुर्भाव लक्षात आल्यावर टॉवर बंद करून साफ करायला घेतला, तर साफसफाईच्या दिवसांत रोग्यांची दुसरी लाट आली. जोराच्या प्रेशरनं धुताना उडालेल्या तुषारांतून जंतू बाहेर गेले होते. सहा किलोमीटरहून दूरचे लोकही आजारी पडले. सहा किलोमीटर म्हणजे मकरपुऱ्यातला टॉवर आणि जवळजवळ शहराच्या मध्यातल्या सूरसागर तलावापर्यंतची माणसं. म्हणून पहिला नियम: आधी मारा, मग धुवा.

पंखा बंद करा, पॅनलवर कुलूप आणि टॅग लावा, चावी खिशात ठेवा. ब्लोडाऊन बंद करा. पंप चालू ठेवा. आता सगळ्या पाण्यात फ्री क्लोरीन किमान ५ पीपीएम आणायचं आणि ५ तास तिथेच टिकवायचं. सम्प, पाइप, कंडेन्सर मिळून १०,००० लिटर पाणी असेल, तर ५ पीपीएमसाठी ५० ग्रॅम क्लोरीन लागतं, म्हणजे १० टक्क्यांचं हायपो अर्धा लिटर. हे कागदावर. घाण टॉवर पहिल्या तासातच हे सगळं पिऊन टाकतो. तेव्हा दर तासाला डीपीडीनं मोजा आणि उतरलं तेवढं पुन्हा घाला. किती हायपो प्यायला यावरूनच तुमचा टॉवर किती घाण होता ते कळतं, तो आकडा लिहून ठेवा. पीएच ८ च्या वर असेल तर ५ पुरत नाही, १५ ते २० पीपीएम लागतं. त्यापेक्षा आधी ब्लोडाऊन देऊन पीएच खाली आणणं बरं.

पाच तास झाले की सोडियम थायोसल्फेट थोडं थोडं घालून क्लोरीन शून्यावर आणा आणि मगच पाणी सोडा, तेही ईटीपीकडे (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लँटकडे) किंवा तुमच्या जीपीसीबीच्या (गुजरातच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) परवान्यात जिथे सोडायला सांगितलंय तिथेच. पावसाच्या कांसमध्ये, म्हणजे पावसाचं पाणी नेणाऱ्या नाल्यात, अजिबात नाही. कांस शेवटी विश्वामित्रीत जाते, आणि तिथे मगरी, कासवं, मासे सगळे आहेत.

पाणी उतरल्यावर आत जाणाऱ्याला रबरी बूट, हातमोजे, चष्मा आणि किमान एन-९५ मास्क. तोंडाला बांधलेला रुमाल कामाचा नाही. प्रेशर वॉशर वापरायचाच असेल तर त्याहून चांगला, पी-३ दर्जाचा फिल्टर असलेला मास्क. दमा असलेला, मधुमेह असलेला, विडी-सिगारेट ओढणारा किंवा वयस्क माणूस या कामाला देऊ नका. इथे कंत्राटदाराची माणसं येतात, बहुतेकांना कोणी काही सांगितलेलं नसतं. ‘काका, मास्क लावल्याशिवाय आत उतरायचं नाही’ हे सांगण्याचं काम तुमचं, आणि मास्क पुरवण्याचं काम कंपनीचं. खोल सम्प असेल तर बंदिस्त जागेचा परमिट, बाहेर एक माणूस कायम उभा.

गाळ ओला असतानाच फावड्यानं काढा. तो वाळू दिला आणि मग झाडूनं झाडला तर धूळ होऊन श्वासात जाते. भिंती नायलॉनच्या ब्रशनं घासा आणि साध्या पाइपनं धुवा. प्रेशर वॉशरचा मोह फार होतो, कारण काम पटकन होतं. खरंच गरज असेल तर टॉवरची उघडी तोंडं ताडपत्रीनं झाका, वाऱ्याच्या दिशेला कोणी नाही हे बघा, एसीची हवेची जाळी आणि कँटीनच्या खिडक्या बंद करायला लावा, आणि हे काम सुट्टीच्या दिवशी ठेवा.

फिलचे ठोकळे बाहेर काढा. एक ठोकळा उभा धरून सूर्याकडे करा. खाचांतून उजेड आला पाहिजे. अर्ध्या खाचा काळ्या दिसल्या तर तो घासून वाचवायच्या फंदात पडू नका, बदला. उचलल्यावर नेहमीपेक्षा जड लागणारा ठोकळाही तसाच, आत क्षार भरलेले असतात. ड्रिफ्ट एलिमिनेटर एकेक पट्टी बघून धुवा आणि बसवताना कडेला फट राहिली नाही ना ते पाहा, बोट जाईल एवढीसुद्धा नको.

क्षार फार असतील आणि ॲसिडनं काढायचे असतील तर हायपोचा अंश पूर्ण धुवून टाकल्यावरच, वेगळ्या दिवशी, जाणकाराच्या देखरेखीखाली.

सगळं जागेवर बसलं, पाणी भरलं, की पुन्हा ५ पीपीएम आणि पुन्हा ५ तास, पंखा बंद ठेवूनच. ही दुसरी फेरी लोक टाळतात, ‘आता तर धुतलाय’ म्हणून. धुताना सुटलेला थर पाइपांत फिरत असतो, त्याच्यासाठीच ती फेरी आहे. नंतर क्लोरीन उतरवा, पाणी बदला, रोजचं डोसिंग सुरू करा, आणि मग पंखा.

दिवाळी ते लाभपाचम

आपल्याकडे दिवाळीला प्लँट बंद होतात ते लाभपाचमेलाच (कार्तिक शुद्ध पंचमीला) उघडतात. तेवढे दिवस सम्पमध्ये पाणी तसंच उभं, क्लोरीन पहिल्या एक-दोन दिवसांत संपलेलं, ऑक्टोबर-नोव्हेंबरचं कोमट हवामान. मग लाभपाचमेला पूजा होते, मुहूर्तावर सगळं एकदम चालू करतात आणि पंखा ते पाणी थेट आवारात उडवतो, तेही नेमकं सगळे लोक प्रसादाला जमलेले असताना. वर्षातला सगळ्यात वाईट क्षण म्हणावा तर हाच, आणि तो टाळणं अगदी सोपं आहे.

टॉवर सुट्टीत धुवायचा असेल तर धुवून कोरडा ठेवा. धुवायचा नसेल तर सुरक्षा विभागाशी बोलून दर दोन दिवसांनी कोणीतरी येऊन हायपो घालून तासभर पंप फिरवेल अशी सोय करा. आणि काहीच जमलं नाही तर लाभपाचमेच्या आदल्या दिवशी या: पंखा बंद, पंप चालू, ५ पीपीएम, ५ तास. स्टँडबाय पंपही याच वेळी फिरवून घ्या. महिन्याच्या वर बंद राहिलेला टॉवर असेल तर एवढ्यावर भागत नाही, तो वरच्या पद्धतीनं पूर्ण धुवूनच चालू करायचा. एखादी लाइन ऑर्डर नाही म्हणून बंद पडते आणि तिचा टॉवर विसरला जातो, तिथे हे लक्षात ठेवा.

लीजिओनेलाची तपासणी

दर तीन महिन्यांनी करावी. एनएबीएलची (लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यता असलेली लॅब निवडा आणि त्या मान्यतेत लीजिओनेलाची चाचणी आहे का ते विचारून घ्या, पाण्याच्या इतर चाचण्यांची मान्यता असून चालत नाही. बाटली लॅबचीच, निर्जंतुक, आत थोडं थायोसल्फेट असलेली. नमुना औषध घालण्याआधी घ्या आणि नवं पाणी पडतं त्या कोपऱ्यापासून लांब, नाहीतर तुम्ही नळाचं पाणी तपासायला दिल्यासारखं होईल. बाटली सावलीत ठेवून त्याच दिवशी पोचवा. कल्चरचा (लॅबमध्ये जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीचा) रिपोर्ट यायला दहा दिवस लागू शकतात.

आकडे पुन्हा एचएसईचे. लिटरला १०० च्या खाली: चालू ठेवा. १०० ते १,०००: पुन्हा नमुना घ्या, डोसिंगची नोंदवही उघडून कुठे खंड पडला ते शोधा. १,००० च्या वर: त्याच क्षणी पंखा बंद, वरिष्ठांना लेखी कळवा, ५ पीपीएमची फेरी, मग धुणं, मग नवा नमुना. अशा वेळी ‘प्रॉडक्शन थांबेल’ असं ऐकू येतंच. तेव्हा दाखवायला हा तक्ता कंट्रोल रूमच्या भिंतीवर आधीच, वरिष्ठांच्या सहीनिशी लावलेला असू द्या. आयत्या वेळी ज्युनिअर ऑपरेटरचं कोणी ऐकत नाही, सही केलेल्या कागदाचं ऐकावं लागतं.

हॉटेल, मॉल किंवा हॉस्पिटलमध्ये काम करत असाल तर हे सगळं तुम्हालाही तितकंच लागू आहे. २०१५ मध्ये न्यूयॉर्कच्या साउथ ब्राँक्समध्ये एका हॉटेलच्या गच्चीवरच्या टॉवरमुळे १३८ लोक आजारी पडले आणि १६ मेले. त्याच वर्षी न्यूयॉर्क शहरानं प्रत्येक कूलिंग टॉवरची नोंदणी सक्तीची केली.

तुमची स्वतःची तब्येत

टॉवरवर काम केल्यानंतर दोन ते दहा दिवसांत, क्वचित दोन आठवड्यांत, जोराचा ताप, कोरडा खोकला, अंगदुखी, धाप, कधी जुलाब किंवा डोकं भ्रमल्यासारखं झालं तर अंगावर काढू नका. डॉक्टरांना आपण होऊन सांगा: ‘मी कूलिंग टॉवर धुतो, अमुक तारखेला धुतला होता, लीजिओनेला असू शकेल का?’ कारण हा न्यूमोनिया वरून इतर न्यूमोनियासारखाच दिसतो, आणि पेनिसिलिनच्या जातीची औषधं त्याच्यावर चालत नाहीत. ॲझिथ्रोमायसिन, लिव्होफ्लॉक्सासिन अशी वेगळी औषधं लागतात, ती डॉक्टरच ठरवतील. लघवीच्या एका चाचणीनं त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार लवकर ओळखता येतो. उपचाराला उशीर झाला तर धोका वाढतो, आणि हा आजार झालेल्यांपैकी दहातला साधारण एक दगावतो. धुण्याची तारीख आणि आत उतरलेल्या प्रत्येकाचं नाव, कंत्राटदाराच्या माणसांसकट, टॉवरच्या रजिस्टरमध्ये लिहा. एकाला ताप आला तर बाकीच्यांना त्याच दिवशी फोन करता येतो.